मेल जातो, पण स्पॅममध्ये पडतो: कुठून तपासायला सुरुवात करावी

मार्चअखेर जवळ आली की मला ठरलेला फोन येतो. "कोटेशन पाठवलं होतं, पार्टी म्हणते आलंच नाही. मग दोन दिवसांनी स्पॅममध्ये सापडलं." सप्टेंबरात हाच फोन सोसायट्यांच्या सचिवांचा असतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस १४ दिवस आधी पोचायला हवी, आणि सभासद म्हणतात आम्हाला काही मिळालंच नाही. मी नाशिकला सातपूर-अंबड भागातल्या लहान कारखान्यांची आणि चार-पाच सोसायट्यांची संगणकाची कामं बघतो. हा बिघाड इतक्यांदा काढलाय की तपासणीचा क्रम पाठ झालाय. तोच इथे लिहून ठेवतो.

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "मेलमधला कुठला शब्द काढू?" शब्दामुळे मेल अडकतो, पण क्वचित. बहुतेक वेळा हा मेल खरंच तुमच्याकडून आलाय याची समोरच्या सर्व्हरला खात्री पटत नाही, किंवा आधीच्या अनुभवामुळे तुमच्यावरचा त्याचा भरवसा उडालेला असतो. शब्द बदलून या दोन्हींवर काही फरक पडत नाही.

आधी लक्षण नीट बघा

"सगळे मेल स्पॅममध्ये जातात" या तक्रारीवरून काहीच कळत नाही. कोणाचे जातात, कुठे जातात, कुठल्या वाटेने पाठवलेले जातात, हे कागदावर लिहा. अर्धं निदान तिथेच होतं.

- एकाच माणसाकडे अडतो, बाकीच्यांना मिळतो: दोष बहुधा त्याच्या बाजूला.
- जीमेलवाल्या सगळ्यांकडे अडतो: तुमच्या डोमेनच्या (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) ओळखीच्या नोंदी बघायच्या.
- जीमेलला पोचतो, आउटलुक-हॉटमेलला अडतो: ज्या सर्व्हरवरून मेल निघतो त्याची पत खराब असू शकते.
- हाताने लिहिलेला पोचतो, पण वेबसाइटच्या फॉर्मवरून किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून गेलेला अडतो: ती दुसरी वाट नोंदीत नाही.
- मेल परत येतो आणि त्यात ५५० ५.७.२६ असा आकडा दिसतो: हे स्पॅम नव्हे, सरळ नकार आहे. जीमेल म्हणतंय की पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही.
- तुम्ही न पाठवलेले मेल तुमच्याकडे "पोचला नाही" म्हणून परत येतायत: मधलं सगळं सोडा आणि थेट खाली पासवर्डचा भाग वाचा.

चाचणी करताना स्वतःच्याच ऑफिसच्या पत्त्यावर मेल पाठवून "मला तर आला" असं म्हणू नका. एकाच डोमेनच्या आतला मेल बाहेरच्या मेलसारखा तपासला जात नाही. तीन पत्ते धरा: एक जीमेल, एक आउटलुक, एक याहू किंवा रेडिफमेल. जुने व्हेंडर अजून रेडिफवरच आहेत. या पत्त्यांनी आधी तुमच्याशी पत्रव्यवहार केलेला नसावा, कारण ओळखीच्या माणसाच्या मेलला थोडी सूट मिळते.

तपासणी १: समोरच्याची बाजू (पाच मिनिटं, फुकट)

ज्याच्याकडे मेल स्पॅममध्ये गेलाय त्याला तो तिथूनच उघडायला सांगा. जीमेल वरच्या पट्टीत बहुधा कारण देतं: असे मेल पूर्वी स्पॅम ठरलेत, पाठवणाऱ्याची खात्री झाली नाही, वगैरे. ती पट्टी फोटो काढून मागवा. लगेच मागवा, कारण जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं.

मग त्याला "स्पॅम नाही" दाबायला, तुमचा पत्ता संपर्कात जोडायला आणि एक ओळीचं का होईना उत्तर द्यायला सांगा. ही फक्त त्या एका माणसापुरती मलमपट्टी आहे. दोनशे सभासदांना तुम्ही हे सांगत बसणार नाही.

दोन गोष्टींची गल्लत होते. प्रमोशनच्या टॅबमध्ये गेलेला मेल स्पॅममध्ये गेलेला नसतो. आणि मोठ्या कंपन्यांमध्ये मेल माणसापर्यंत येण्याआधी कंपनीचीच गाळणी असते. तिथे अडकलेला मेल त्या माणसाच्या स्पॅममध्येही दिसत नाही, त्यांच्या आयटीवाल्यालाच सोडवावा लागतो.

तपासणी २: मेल स्वतः वाचून बघा

सोसायट्यांचा आवडता प्रकार म्हणजे अख्खी नोटीस एका चित्रात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली जेपीजी मेलला चिकटवायची आणि खाली एक अक्षर लिहायचं नाही. फसवणारे लोकही मजकूर गाळणीला वाचता येऊ नये म्हणून तो चित्रात टाकतात, त्यामुळे नुसतं चित्र असलेला मेल सुरुवातीलाच संशयात येतो. नोटीस मजकूर म्हणून लिहा, पीडीएफ सोबत जोडा.

दुसरा प्रकार खास आपल्याकडचा. डीटीपीवाल्याकडून आलेला श्री-लिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवतात. हे जुने फाँट युनिकोड नाहीत. पाठवणाऱ्याच्या संगणकावर मराठी दिसतं, समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा काला. एका सचिवांनी अशी नोटीस पाठवली होती. निम्म्या सभासदांना वाटलं काहीतरी व्हायरस आहे, आणि काहींनी इमानेइतबारे "स्पॅम" दाबलं. पुढच्या महिन्याची नोटीस युनिकोडमध्ये, अगदी शुद्ध मराठीत होती. ती पण स्पॅममध्ये गेली.

कारखान्यांचा दोष वेगळा. विषयाच्या जागी "अर्जंट", मजकूर "सोबत बिल जोडले आहे" एवढाच, आणि एक झिप फाइल. बनावट बिलं पाठवणारे नेमके असेच मेल पाठवतात. समोरच्याचं नाव, पीओ नंबर, काय जोडलंय आणि का, अशा तीन ओळी लिहा. झिपच्या जागी पीडीएफ. छोटी केलेली लिंक टाकू नका, तिच्यामागे कुठलं पान आहे हे गाळणीला सहज दिसत नाही.

ही तपासणी फुकट आहे आणि पंधरा मिनिटांत होते, म्हणून ती इतक्या वर ठेवली. बिघाड इथेच सापडेल या भरवशावर मात्र राहू नका.

तपासणी ३: किती जणांना, कोणाला

बीसीसीमध्ये तीनशे पत्ते टाकून एका झटक्यात पाठवण्याची सवय सोडा. फुकटच्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, गूगल वर्कस्पेसला २,००० संदेशांची. पण त्या मर्यादेच्या कितीतरी आतही, एरवी दिवसाला दहा मेल पाठवणाऱ्या खात्यातून अचानक तीनशे निघाले की गाळणी सावध होते.

यादी जुनी असेल तर त्यात मेलेले पत्ते असतात. प्रदर्शनात गोळा केलेली किंवा विकत घेतलेली यादी असेल तर तुम्हाला न ओळखणारी माणसं असतात, आणि ती बटण दाबतात. जीमेलच्या नियमात स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हवं, शक्यतो ०.१ च्याही खाली. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलमागे तीन माणसं चिडली की तुम्ही वरच्या रेषेवर आलात. विकत घेतलेल्या यादीत हजारात तीनच चिडतील असं कोणाला वाटत असेल तर धन्य आहे.

यादी गाळा, परत आलेले पत्ते उडवा, ज्यांना नको त्यांना बाहेर पडायची सोय द्या. जाहिरातीचे मेल आणि रोजच्या कामाचे मेल एकाच पत्त्यावरून पाठवू नका. दिवाळीच्या शुभेच्छांपायी कोटेशन अडकलेलं मी पाहिलंय.

तपासणी ४: "मूळ दाखवा"

मला या लेखातलं एकच काही सांगायची मुभा असती तर हे सांगितलं असतं. तुमचा चाचणीचा मेल ज्या जीमेलवर गेला तिथे, संगणकावर, मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि "मूळ दाखवा", म्हणजे शो ओरिजिनल, निवडा. वर एक तक्ता येतो. त्यात तीन नावं असतात: एसपीएफ, डीकिम, डीमार्क. या पाठवणाऱ्याची ओळख पटवायच्या तीन पद्धती, खाली एकेक करून सांगतो. प्रत्येकासमोर पास, फेल किंवा तत्सम शब्द असतो. एखादं नाव तक्त्यात नसेलच तर ती नोंद तुमच्या डोमेनला नाही, किंवा डीकिमची सही सुरू नाही. अंदाज बांधणं इथे संपतं.

तुमचा पत्ता जीमेल डॉट कॉमचा असेल आणि मेल जीमेलमधूनच निघत असेल तर तिन्ही पास दिसतील. त्यात तुमच्या हातात काही नाही, तपासणी २ आणि ३ कडे परत जा. पण पत्ता जीमेलचा आणि पाठवणारी सेवा मात्र दुसरीच, म्हणजे वेबसाइट, बल्क मेल वगैरे असेल, तर तो मेल कायम डगमगत राहणार. गूगलच्या डोमेनच्या नोंदी तुम्हाला बदलता येत नाहीत. स्वतःचं डोमेन घ्या.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्यांसाठीच एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी असण्याची अट घातली. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जीमेल खात्यांना पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोयही द्यावी लागते. याहूनेही तेव्हाच असेच नियम आणले. आउटलुकने मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी ५ मे २०२५ पासून तिन्ही नोंदींची सक्ती केली. "दहा वर्षं नीट चालत होतं, आताच काय झालं" याचं उत्तर बऱ्याचदा या तारखांमध्ये असतं.

तपासणी ५: एसपीएफ

एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या जाहीर वहीतली, एक ओळ. माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. नेमकी ओळ तुमच्या मेलसेवेच्या मदत पानावर मिळते, ती तिथूनच उचला. फोनवर कोणी सांगितलेली टाइप करू नका.

हात लावण्याआधी डीएनएसच्या अख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि एमएक्स नावाच्या नोंदींना अजिबात शिवू नका. त्या मेल येण्यासाठी असतात. त्या चुकल्या तर येणारे मेलही बंद होतील.

पहिला घोळ जागेचा. डोमेन एकाकडून घेतलेलं, वेबसाइट दुसऱ्याकडे, मेल तिसऱ्याकडे. डीएनएस नेमका कोणाकडे चालतो हे नेमसर्व्हरवरून, म्हणजे ती वही ज्याच्याकडे ठेवलीय त्या सर्व्हरवरून, ठरतं. एका कारखान्यात पोराने होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये एसपीएफ चारदा दुरुस्त केला, चारदा फेल. नेमसर्व्हर डोमेनवाल्याकडेच होते. तो ज्या वहीत खाडाखोड करत होता ती वही कोणी वाचतच नव्हतं.

दुसरा घोळ सर्वांत जास्त भेटतो: दोन एसपीएफ ओळी. होस्टिंगवाल्याने एक टाकलेली असते, नंतर मेलसेवा बदलली म्हणून कोणीतरी दुसरी टाकतो. एका डोमेनला एकच एसपीएफ ओळ चालते. दोन असल्या की नियम सांगतो ही चूक आहे, आणि दोन्ही वाया जातात. दोन्हींतल्या परवानग्या एका ओळीत आणा आणि उरलेली ओळ काढून टाका.

तिसरा घोळ दहाच्या मर्यादेचा. ती ओळ तपासताना सर्व्हरला इतर नोंदी धुंडाळाव्या लागतात, आणि अशा धुंडाळण्या दहापर्यंतच चालतात. बिलिंग, पगार, जाहिरात, वेबसाइट अशा सेवा जोडत गेलात की नकळत अकरा होतात. वापरात नसलेल्या सेवा उडवा.

शेवटी "ऑल"च्या आधी टिल्ड (~) म्हणजे यादीबाहेरच्या सर्व्हरवर शंका घ्या, वजा (-) म्हणजे नाकारा. सुरुवात टिल्डने करा. अधिक चिन्ह कोणी टाकलेलं दिसलं तर ताबडतोब काढा. त्याचा अर्थ "कोणीही माझ्या नावाने पाठवा".

तपासणी ६: डीकिम

डीकिम म्हणजे पाकिटावरची लाख. सर्व्हर मेलवर सही करतो आणि ती पडताळायची किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये ठेवलेली असते. एसपीएफ असताना हे कशाला? कारण मेल कधीकधी पुढे दुसऱ्या पत्त्यावर पाठवला (फॉरवर्ड केला) जातो. परचेसवाल्याचा ऑफिसचा पत्ता आपोआप त्याच्या जीमेलवर पाठवत असेल, तर जीमेलला मेल त्याच्या ऑफिसच्या सर्व्हरवरून आलेला दिसतो. तो तुमच्या एसपीएफमध्ये नाही, म्हणून फेल. वाटेत मजकुराला कोणी हात लावला नसेल तर डीकिमची सही मात्र टिकते.

गूगल वर्कस्पेसमध्ये किल्ली अ‍ॅडमिन पानावर तयार करायची, डीएनएसमध्ये टाकायची आणि परत येऊन पडताळणी सुरू करायचं बटण दाबायचं. हे शेवटचं बटण दाबायचं राहून जातं. किल्ली लटकलेली, सही सुरूच नाही. २,०४८ बिटची किल्ली लांब असते आणि डीएनएसमधला एक तुकडा २५५ अक्षरांपर्यंतच असतो. काही डोमेनवाल्यांच्या पानावर ती अर्धवट कापली जाते. तसं झालं तर किल्ली तुकड्यांत भरा किंवा १,०२४ ची घ्या. काही ठिकाणी नोंदीच्या नावापुढे डोमेन आपोआप जोडलं जातं. तुम्हीही लिहिलंत तर ते दोनदा येतं आणि किल्ली सापडत नाही.

बदल केल्यावर ४८ तासांपर्यंत थांबा. दर दहा मिनिटांनी नवीन खाडाखोड केली तर कुठल्या बदलाने काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

तपासणी ७: डीमार्क

इथे लोक गोंधळतात. "एसपीएफ पास, डीकिम पास, तरी डीमार्क फेल कसं?" कारण ते पास दुसऱ्याच्या नावाने झालेले असतात. बिलिंगची सेवा तुमच्या नावाने मेल पाठवते, पण मेल परत यायचा आतला पत्ता आणि सही तिच्या स्वतःच्या डोमेनची असते. डीमार्क विचारतो: वाचणाऱ्याला जे नाव दिसतं, तेच यांपैकी एखाद्या पासमागे आहे का? नसेल तर फेल. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये स्वतःचं डोमेन जोडायची सोय असते, तिथून तिची डीकिम किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये टाका.

डीमार्कची सुरुवात "नन" धोरणाने करा, म्हणजे काही अडवू नका, फक्त अहवाल पाठवा. अहवालांसाठी वेगळा पत्ता द्या, रोज फायली येतात आणि त्या वाचायला कंटाळवाण्या असतात. तरी दोन-तीन आठवडे बघा. तुमच्या नावाने कोण कोण पाठवतंय हे तिथेच कळतं. एका ठिकाणी उत्साही माणसाने पहिल्याच दिवशी "रिजेक्ट" लावलं. महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपा कोणालाच मिळाल्या नाहीत, कारण त्या बाहेरच्या सेवेतून जात होत्या आणि तिची आठवण कोणाला नव्हती.

तपासणी ८: वेबसाइटचा फॉर्म

फॉर्म भरणाऱ्या ग्राहकाचाच पत्ता "प्रेषक" म्हणून घातलेला असतो. म्हणजे तुमचा सर्व्हर त्याच्या जीमेलच्या नावाने पाठवतोय, जी सरळ तोतयेगिरी दिसते. प्रेषक तुमच्या डोमेनचा ठेवा, ग्राहकाचा पत्ता "उत्तर इथे द्या"च्या रकान्यात. आणि मेल वेबसाइटच्या सर्व्हरवरून परस्पर न सोडता, लॉगिन करून तुमच्या मेलसेवेतून पाठवा. वर्डप्रेसला त्यासाठी एसएमटीपीची (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीची) प्लगइन असतात.

तपासणी ९: काळी यादी

"मूळ दाखवा"मध्ये पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, असतो. स्पॅमहाउस ही स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या ठेवणारी संस्था, तिच्या साइटवर तो तपासा. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच आयपीवर शेकडो वेबसाइट असतात. त्यातली एखादी स्पॅम ओतत असेल तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी तिथल्या पीबीएल नावाच्या यादीत दिसला तर घाबरू नका. घरगुती जोडणीवरून थेट मेल सुटू नयेत म्हणून ती यादी असते, तुमच्यावरचा आरोप नसतो.

यादीतून नाव काढायला स्पॅमहाउस पैसे घेत नाही. पैसे मागणारा मध्यस्थ आला तर फोन ठेवा. मूळ कारण न काढता नाव काढून घेतलंत तर ते परत चढेल. आयपी होस्टिंगवाल्याचा असेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही. मेल तिथून हलवून स्वतंत्र मेलसेवेवर न्या, वेबसाइट तिथेच राहू दे.

पासवर्ड गेला असेल तर

न पाठवलेले मेल परत येतायत, सेंटमध्ये अनोळखी मेल आहेत, किंवा ग्राहक विचारतोय "तुमचा बँक खाते क्रमांक बदलला का?" अशा वेळी स्पॅमची चिंता बाजूला ठेवा. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा, दुहेरी पडताळणी लावा. मग सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. चोर तिथे गुपचूप नियम लावून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही मेल त्याच्याकडे जात राहतात. ग्राहकांना फोनवर कळवा, मेलवर नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

इथे थांबा आणि माहीतगाराला बोलवा

खातं फोडलं गेलंय अशी शंका असेल तर वरचं तातडीचं उरकून लगेच. डीएनएसचं लॉगिन सोडून गेलेल्या वेबसाइटवाल्याकडे अडकलंय, किंवा कुठली नोंद कशासाठी आहे कळत नाही, तेव्हाही, कारण अंदाजाने पुसलेली एक ओळ अख्ख्या ऑफिसचा मेल बंद पाडते. स्वतःचा मेलसर्व्हर चालवत असाल आणि उलट्या डीएनएसची नोंद म्हणजे काय हे वाचून समजत नसेल, तर तो सर्व्हर चालवायचा का हाच प्रश्न आधी विचारा. दिवसाला ५,००० च्या आसपास मेल जात असतील तर आधीच माणूस नेमा. ती रेषा एकदा ओलांडली की गूगलच्या लेखी तुम्ही कायमचे मोठे पाठवणारे होता.

तिन्ही पास आहेत, मजकूर नीट आहे, यादी गाळलेली आहे, आणि तीन-चार आठवड्यांनीही मेल स्पॅममध्येच जातोय, तर मामला पत गेल्याचा आहे. गेलेली पत हळूहळू येते, त्या आधी घाईने डोमेन बदलू नका. नव्या डोमेनला तर काहीच पत नसते.

माहीतगाराकडे जाताना "मूळ दाखवा"चा पूर्ण मजकूर, डीएनएसचा जुना स्क्रीनशॉट आणि सुरुवातीला केलेली लक्षणांची यादी द्या. यापैकी काहीही न बघता "शंभर टक्के इनबॉक्समध्ये पोचवतो" म्हणणारा भेटला तर चहा पाजून परत पाठवा.